बाहेरच्या चिठ्ठीची नोंद

नांदेडजवळ विष्णुपुरी इथे असलेल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. पुढच्या दिवसात हा आकडा ३१ वर गेला. औषधं पुरेशी होती असं सरकारनं सांगितलं, तर औषधं बाहेरून आणावी लागली असं नातेवाईक सांगत राहिले. मुंबई उच्च न्यायालयानं या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. भांडारात किती साठा आहे हे रजिस्टर सांगतं, पण खाटेपर्यंत काय पोचलं नाही हे नातेवाइकाच्या हातातली, बाहेरून औषध आणायची चिठ्ठी सांगते. मेडिकलमधून औषध आणलं की ती चिठ्ठी खिशात चुरगळते. एका वॉर्डातून दिवसाला अशा किती चिठ्ठ्या बाहेर जातात, हे रुग्णालयात कोणी मोजत असतं तर तुटवडा आहे की नाही यावर वाद घालायची वेळच आली नसती. आणि तुटवडा असलाच, तर तो कळायला मृत्यूंची वाट पाहावी लागली नसती.

रुग्णाला आणि त्याच्या माणसांना रुग्णालयाच्या कारभारात जागा हवी, ती या कारणासाठी. समित्यांची आपल्याकडे वाण नाही. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९४ नंतर रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तो देशभर नेला. नांदेडच्या आणि शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अभ्यागत समितीची तरतूद आहे. पण अशा समित्यांत बसतात ते लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि शासनानं नेमलेले मान्यवर. किनवट-माहूरकडून शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेली, घरात गोंडी, तेलुगू किंवा गोरमाटी बोलणारी बाळंतीण त्या टेबलापाशी कधीच नसते. तिला केसपेपरवरची भाषा वाचता येत नाही, सोबत आलेल्या सासूला रात्री टेकायला जागा नसते आणि डिस्चार्जनंतर बाळाला पुन्हा कधी आणायचं हे घाईत सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नाही. इमारतीचा आराखडा आणि यंत्रखरेदीचा प्रस्ताव मात्र तिच्याच नावानं मंजूर होतो.

लोकांना विचारून सेवा सुधारते याचा पुरावा लातूरच्या वेशीवरच आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत लातूरला लागून असलेला तेव्हाचा उस्मानाबाद होता. नांदेड आणि लातूर नव्हते. राज्य पातळीवर पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं हे काम सांभाळलं. गावची समिती प्रश्नावली घेऊन बसायची, उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायची आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावं लागायचं. बाहेरून लिहून दिलेली औषधं आणि मोफत सेवेसाठी घेतलेले पैसे हे विषय तिथे उघडपणे आले. ‘चांगली’ असा शेरा मिळालेल्या सेवा २००८ मध्ये ४८ टक्के होत्या. २००९ च्या अखेरीस त्या ६६ टक्के झाल्या. हे शेरे लोकांचेच आहेत, तटस्थ मोजमाप नव्हे, हे मान्य. मृत्यूंचं मोजमाप हवं असेल तर झारखंड-ओडिशातल्या ‘एकजुट’ संस्थेच्या अभ्यासाकडे पाहावं. तिथे गावातल्या बाया दर महिन्याला जमून बाळंतपणातले धोके आणि त्यांवरचे उपाय स्वतः ठरवत होत्या, आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ३२ टक्के कमी झाले. हे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

लातूरला तर हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काही गावं नव्या जागी वसवली गेली. शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ ओळींत घरं उभी राहिली. गुरं कुठे बांधायची, औतं-कडबा कुठे ठेवायचा, याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं. उलट जिथे जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथे गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. साहित्य कोणतं, काम कसं चाललंय, अनुदान कुठे अडलं, यावर त्या लक्ष ठेवू लागल्या. ज्याला घरात राहायचंय त्याला विचारल्याशिवाय घर बांधू नये हे या भागानं मोठी किंमत मोजून शिकलं आहे. रुग्णालयाला वेगळा नियम का लावावा?

रुग्णाला वैद्यक काय कळतं, असा आक्षेप घेतला जातो. कोणतं प्रतिजैविक द्यावं हे त्याला कोणी विचारत नाही. रात्री दोन वाजता हाक मारल्यावर कोण आलं, सोनोग्राफीची तारीख किती दिवसांनी मिळाली, संडासात पाणी होतं का, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. डॉक्टरांची भीती मला जास्त गंभीर वाटते. मंजूर ५०० खाटांच्या रुग्णालयात त्याहून कितीतरी जास्त रुग्ण सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टराला, लोकसहभाग म्हणजे आणखी एक जमाव वाटला तर त्याचं चुकत नाही. नांदेडच्या मृत्यूंनंतर एका खासदारानं अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. ती सत्तेनं केलेली मानहानी होती. तो रुग्णांचा सहभाग नव्हता. तक्रारीला नेमकी जागा आणि ठरलेली मुदत असेल तर राग वॉर्डात फुटत नाही. शिवाय रिक्त पदांबद्दल अधिष्ठात्यांनी लिहिलेलं पत्र मंत्रालयात पडून राहतं, पण त्याच मागणीमागे रुग्णांच्या सह्यांची नोंद असेल तर ते पत्र दडपणं अवघड जातं.

सगळ्यात खरा आक्षेप युगांडातून येतो. तिथल्या एका अभ्यासात गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांवर देखरेख ठेवल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच देशात पुढे बऱ्याच मोठ्या प्रमाणावर तसाच प्रयोग केला, तेव्हा मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. त्यामुळे बैठक भरवली म्हणजे सुधारणा झाली, असं मी म्हणणार नाही. ज्या समितीच्या हाती पैसा नाही आणि जिच्या प्रश्नाला उत्तर देणं कोणावर बंधनकारक नाही, ती चहापाण्याची समिती होते. म्हणून नांदेड आणि लातूरच्या अभ्यागत समित्यांत गेल्या वर्षभरात तिथे उपचार घेतलेल्या रुग्णांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना किमान एक तृतीयांश जागा द्याव्यात, त्यांत नवजात कक्षातल्या बाळांच्या आया असाव्यात. त्यांची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यावा. बाहेरच्या चिठ्ठ्यांची वॉर्डनिहाय संख्या दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावी, आणि प्रत्येक तक्रारीला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

तोवर वाचकांना एक विनंती आहे. सरकारी रुग्णालयात तुम्हाला बाहेरून औषध आणायला सांगितलं, तर ती चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल फेकू नका. त्यावर तारीख आणि वॉर्डाचं नाव लिहा, आणि त्याची प्रत अधिष्ठात्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.