ब्रेलला शिव्या देण्याआधी..

गेल्या शनिवारी धुळ्याला घरी हॅम रेडिओ लॅपटॉपला जोडायला बसलो. उबंटू २२.०४, सीएच३४० चिपवाली स्वस्तातली यूएसबी-सिरियल केबल, वर एफएलडिजी. रेडिओची फ्रिक्वेन्सी काही स्क्रीनवर येईना. डायलआऊट ग्रुपमध्ये मी होतोच. कर्नलचा लॉग बघितला तर पोर्ट उगवतो आणि लगेच गायब! आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी चोर सापडला: बीआरएलटीटीवाय, म्हणजे अंधांचे ब्रेल डिस्प्ले चालवणारं सॉफ्टवेअर.

जो तो सांगतो, उडवून टाका ते. मला नाही पटत. केबलचा आयडी १ए८६:७५२३ हा मुळात चिपचा. स्वतःचा नंबर घेण्याऐवजी ढीगभर स्वस्त वस्तू तोच मिरवतात, आणि एका ब्रेल ई-रीडरनेही तोच वापरला. आता सॉफ्टवेअरने ओळखायचं कसं, सांगा! अंध हॅमही आहेत हो. त्यांच्यापैकी कुणी हा सल्ला ऐकला तर बोटांखालचा स्क्रीनच बंद.

मी रूल्सच्या फाईलची कॉपी ईटीसीतल्या युडेव्ह फोल्डरमध्ये टाकून त्या आयडीची तेवढी एक ओळ कॉमेंट केली (मूळ फाईल बदलली तर अपडेट ती पुसतं), रूल्स रीलोड केले, केबल काढून परत लावली. पोर्ट टिकला. जेवण मात्र गार झालं होतं.