सुखरूप सुटका

गेल्या कोजागिरीला आम्हा जयपूरच्या काही मराठी कुटुंबांची बैठक एका गच्चीवर भरली होती. दूध आटत होते, गप्पा रंगल्या होत्या आणि बोलता बोलता विषय इस्पितळांवर आला. एका वहिनींनी प्रसूतीच्या वेळी आपल्याला ऐकाव्या लागलेल्या बोलण्याचा ओझरता उल्लेख केला, तोच एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, "अहो, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मग परिचारिका दोन शब्द अधिक बोलली, त्याचे एवढे काय!" बैठकीने माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. त्या मौनाची भरपाई म्हणून हा लेखप्रपंच.

प्रसूतीला आपण 'सुटका' म्हणतो. मरणाच्या दारातून माघारी येणे, हा त्या शब्दातला अर्थ आपल्या आजी-पणजींच्या काळी अक्षरशः खरा होता आणि राजस्थानात तर तो कालपरवापर्यंत खरा होता. 2004-06 या काळात येथे दर लाख जिवंत जन्मांमागे 388 माता दगावत. 2018-20 मध्ये हा आकडा 113 वर आला. 2005-06 च्या राष्ट्रीय पाहणीत येथील शंभरांपैकी सुमारे 30 प्रसूतीच इस्पितळात होत होत्या. 2019-21 च्या पाहणीत त्या सुमारे 95 झाल्या. 2005 साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने ग्रामीण मातेच्या हाती 1400 रुपये ठेवण्याची तरतूद केली, रुग्णवाहिका आल्या, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु या यशाची दुसरी बाजू कोणी पाहावयाची? जी स्त्री काल आई, जाऊ आणि सुईण यांच्या गराड्यात बाळंत होत होती, ती आज लोखंडी खाटेवर, परक्या माणसांत, एकटी आहे. तिला घरातून उठवून त्या दाराशी शासनाने आणले. मग दारापलीकडे तिच्याशी कोण कसे बोलते, हा केवळ तिच्या नशिबाचा प्रश्न कसा राहील?

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. इस्पितळाचे नाव महत्त्वाचे नाही. कन्येच्या जन्मासाठी पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना दाराबाहेर थांबविण्यात आले. मी पितृत्वाची हक्काची 15 दिवसांची रजा घेतली होती. त्यातला पहिला दिवस बाहेरच्या बाकावर गेला. आत पत्नीला जे ऐकविले गेले ते येथे छापण्याजोगे नाही. कळांनी ओरडणाऱ्या बाईला कोणत्या सुखाची आठवण करून देतात, हे अनेक वाचक-भगिनींना सांगावे लागणार नाही. तिने ते मला दोन वर्षांनी सांगितले, आणि तेही मान खाली घालून, जणू अपराध तिचाच होता.

रात्री पाळी बदलली. नव्या परिचारिकेने प्रथम स्वतःचे नाव सांगितले. तपासण्यापूर्वी काय करणार ते सांगितले, पडदा ओढला आणि कळ आली की कमरेवर हात ठेवून "अब की बार और अच्छा होगा" एवढेच म्हणत राहिली. इमारत तीच, वेतनश्रेणी तीच, गर्दीही तीच. बदलले होते ते एक माणूस. पत्नी आजही मुलीच्या वाढदिवसाला त्या बाईची आठवण काढते.

यावर आपली मंडळी चटकन म्हणतात, "इकडचे लोक असेच!" हा आपला प्रांतिक अहंकार आहे. पुण्यामुंबईत बाळंत झालेल्या आपल्याच भगिनींना एकदा खोदून विचारा. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा 2018-20 मध्ये 33 होता आणि त्याचा अभिमान जरूर असावा. पण त्या आकड्यात मेलेल्यांची गणना होते, अपमानितांची नव्हे. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेला प्रसूतिकक्षातील अवहेलनेविरुद्ध साऱ्या जगासाठी निवेदन काढावे लागले, यावरून हा रोग किती देशांत पसरला आहे ते कळावे.

दुसरा आक्षेप असा, की आधी प्राण वाचवा, गोड बोलणे नंतर. या आक्षेपाच्या मुळाशीच चूक आहे. गोड बोलणे हा उपचाराचाच भाग होय. भेदरलेल्या शरीरात जे द्रव्य उसळते ते कळांच्या वेगाला अडथळा करू शकते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. 2017 साली 17 देशांतील 15,000 हून अधिक स्त्रियांवरील 26 प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ सरासरीने सुमारे 40 मिनिटांनी कमी भरला आणि शस्त्रक्रियेचे प्रमाणही घटले. एखाद्या औषधाने एवढे साधले असते तर त्याच्या खरेदीच्या निविदा केव्हाच निघाल्या असत्या!

आणि नियम नाही असेही नाही. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही. अटी साध्या: संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, उपचारात ढवळाढवळ करू नये. 2017 च्या डिसेंबरात 'लक्ष्य' कार्यक्रमाने सन्मानपूर्वक वागणुकीला प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेत स्थान दिले. मी कारकून आहे. परिपत्रक कसे येते, त्यावर आवक क्रमांक कसा पडतो आणि ते फाईलमध्ये कसे निजते, हे माझ्याइतके कोणास ठाऊक? निवृत्तिवेतनाचे प्रकरण आपण कारकुनाच्या स्वभावावर सोडत नाही. त्याला नमुना असतो, तपासणी असते, वर जाब विचारणारा असतो. मग कळा देणारी स्त्रीच तेवढी कोणाच्या तरी स्वभावावर का सोडावयाची?

मात्र सारा दोष परिचारिकेच्या माथी मारणे हा सोपा अन्याय होईल. रात्रपाळीत एकटीने अनेक खाटा सांभाळणारी, कंत्राटी नेमणुकीवर पुढच्या वर्षाची शाश्वती नसलेली, वरिष्ठांकडून स्वतःच 'अगं-तुगं' ऐकणारी बाई मृदुता आणील कोठून? 2022 च्या मार्चमध्ये याच राज्यातील लालसोट येथे एका मातेचा अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला, डॉक्टर स्त्रीवर खुनाचा गुन्हा नोंदविला गेला आणि तिने आत्महत्या केली. ज्यांनी दया करावयाची, त्यांनाच भीतीच्या सावटाखाली ठेवून दया उत्पन्न होत नाही.

आपण मराठी माणसांना तर हा धडा बाहेरून शिकण्याचे कारण नाही. 1863 साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी विधवांसाठी प्रसूतिगृह उघडले. समाजाने जिला तोंड दाखवू दिले नसते, तिला तेथे आधार मिळाला. तेथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. परिचर्या हे काम हलके मानले जात होते, त्या काळात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. बाळंतिणीचा मान आणि परिचारिकेचा मान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या पिढीने ओळखले होते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी तपासणीला जातात, कोणी इस्पितळांच्या समित्यांवर बसतात, कोणाच्या सहीने पदे मंजूर होतात. प्रसूतिकक्षाच्या दाराशी थांबून तीनच गोष्टी विचारा: सोबतीणीला आत सोडता का? खाटांमध्ये पडदा आहे का? रात्री एका परिचारिकेकडे किती स्त्रिया असतात? उत्तरे लेखी घ्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा जा.

आणि ज्यांच्या हाती कसलीही सही नाही अशा माझ्यासारख्यांनी एवढे तरी करावे. बारशाला गेल्यावर 'सुखरूप ना?' असे तिच्या नवऱ्याला विचारून पेढा तोंडात टाकू नये. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने बाळंतिणीजवळ बसून हलकेच विचारावे, "तुझ्याशी नीट वागले ना गं?" आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्यावे. पुढच्या कोजागिरीला मी तरी गप्प बसणार नाही.