रेघ कुठून मोजायची?

हौशी मंडळींना भाड्याने गळाच्या मासेमारीला नेणाऱ्या बोटींना हद्द ठरवून द्यावी, असं कुणी म्हटलं की धक्क्यावरची उत्तरं ठरलेली असतात. समुद्राला कुंपण घालता येत नाही. मासा रेघ बघून पोहत नाही. आणि ज्याच्या तीन पिढ्या दर्यावर गेल्या, त्या तांडेलाला कुठवर जायचं हे कचेरीत बसलेल्या माणसाने का सांगावं? तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाहीत. उलट हद्दीचे समर्थकच कित्येकदा इतकी कच्ची बाजू मांडतात की विरोधकांना फारसे कष्ट पडत नाहीत. किनाऱ्यापासून अमुक मैल आत राहिलं की सुरक्षित, पलीकडे गेलं की धोका, एवढंच ते सांगतात.

हा समज आधी मोडीत काढायला हवा. १४ जून २००३ रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात टिलामूक उपसागराच्या मुखाशी ‘टाकी-टू’ नावाची चार्टर बोट उलटली. दोन खलाशी आणि सतरा प्रवासी अशा एकोणीस जणांपैकी अकरा बुडाले. बोट खोल समुद्रात हरवली नव्हती, ती बंदराच्या दारातच होती. खवळलेल्या मुखाचा इशारा देणारे दिवे लुकलुकत होते, लाईफ जॅकेटं बोटीवर होती पण प्रवाशांच्या अंगावर नव्हती. त्याच सकाळी इतर काही चार्टर बोटी मुख ओलांडून बाहेर गेल्याही होत्या. न्यूझीलंडमध्ये २६ नोव्हेंबर २०१६ रोजी कायपारा बंदराच्या मुखाशी ‘फ्रॅन्सी’ ही मासेमारीची चार्टर बोट उलटून अकरांपैकी आठ जण गेले. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि दोघांचा बळी गेला. मैलांचा हिशेब करायचा तर या तिन्ही बोटी कुठल्याही कागदी हद्दीच्या आतच होत्या.

विरोधक इथे टाळी वाजवतात. बघा, हद्दीने काय साधलं?

पण या दुर्घटनांतून निघतं ते वेगळंच. वाळूचा दांडा असलेलं खाडीचं मुख हाच सर्वांत धोक्याचा टप्पा असू शकतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून फुगून आलेली लाट त्याला भिडते, तळ उथळ असल्याने ती तिथेच उभी राहते आणि फुटते. मुखापलीकडे मैलभर अंतरावर तोच समुद्र निवांत असतो. म्हणजे हद्दीतून मुख वगळलं, ही चूक आहे. हद्द आखणं ही चूक नव्हे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑरेगन आणि वॉशिंग्टन किनाऱ्यांवरच्या अशा मुखांसाठी २००९ मध्ये नियंत्रित क्षेत्रं ठरवली तेव्हा हाच धडा घेतला होता. तिथे छोट्या बोटींसाठी एक साधं गणित आहे. बोटीच्या लांबीचा दहावा भाग घ्यायचा, त्यात पाण्यापासून काठापर्यंतची सर्वांत कमी उंची मिळवायची. तीस फुटी बोटीचा काठ पाण्यापासून तीन फूट असेल, तर सहा फुटांची लाट दिसली की ते मुख तिच्यापुरतं बंद. कप्तान किती जुना, ग्राहक किती मोठा, हे त्या बेरजेत कुठेही येत नाही.

आता दुसरा प्रश्न: रेघ मोजायची कुठून? अमेरिकेच्या छोट्या प्रवासी बोटींच्या नियमांत दोन वर्ग शेजारी शेजारी बसतात. एका वर्गातल्या बोटीला किनाऱ्यापासून २० सागरी मैलांपर्यंत जाता येतं. दुसऱ्या, अधिक मर्यादित वर्गातल्या बोटीला आसऱ्याच्या बंदरापासून २० सागरी मैलांच्या आत राहावं लागतं. आकडा तोच, पण समुद्रावर अर्थ पार बदलतो. लांबवर खडकाळ कडे असलेल्या आणि मधे एकही बंदर नसलेल्या किनाऱ्यापासून पाच मैलांवर असलेली बोट पहिल्या वर्गाच्या हिशेबाने जवळ आहे, दुसऱ्याच्या हिशेबाने कदाचित भलतीच दूर. इंजिन बंद पडलं, वारा उलटला, कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर जमीन किती लांब आहे याला महत्त्व नसतं. बोट आत घेता येईल अशी जागा किती लांब आहे, हे मोजायचं असतं.

ब्रिटनच्या छोट्या व्यावसायिक बोटींच्या संहितेने हे आणखी बारकाईने केलं. तिथल्या वर्गवारीत शून्य म्हणजे बंधनच नाही. मग सुरक्षित आसऱ्यापासून १५० मैल, ६० मैल, २० मैल. त्याखाली तेच २० मैल, पण फक्त दिवसाउजेडी आणि अनुकूल हवामानात. आणखी खाली, ठरवून दिलेल्या एकाच निघण्याच्या ठिकाणापासून २० मैल. आणि शेवटी फक्त तीन मैल, तेही जमिनीपासून तीन मैलांच्या बाहेर कधीच नाही. रेघ आखताना अंतर, प्रकाश, हवा आणि बंदर अशी चार मापं एकत्र धरलेली आहेत. वर्ग चढेल तसा बोटीवरचा सरंजामही वाढतो. म्हणजे कप्तानाला दूर जायची मनाई नाही. त्यासाठी बोट तशी सजवावी लागते, इतकंच.

तांडेलाच्या अनुभवाचा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला सरकारी भाषेत उत्तर देणं हा त्या अनुभवाचा अपमान ठरेल. कोकणातल्या कोळ्याला पाण्याचा रंग, मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांच्या वेळा, उधाणाचा जोर यांची जाण कुठल्याही परीक्षेने मिळत नाही. पण ही जाण घडली ती मासे मारणाऱ्या बोटीवर, जिथे बोट हलली की पाय कसे रोवायचे हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असतं. चार्टर बोटीवर पुण्याहून आलेली आठ माणसं असतात. त्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नाही, दोघांना उलट्या सुरू झालेल्या असतात, आणि एकाच्या गळाला मोठी सुरमई लागली की उरलेले सगळे मोबाईल घेऊन त्याच बाजूला धावतात. बोट तीच असते, तिच्यावरचं ओझं मात्र वेगळ्या जातीचं असतं. तांडेलाचं ज्ञान तिथेही उपयोगी आहे, पुरेसं नाही.

त्याहून मोठी अडचण पैशाची. स्वतःच्या पोटासाठी मासेमारीला गेलेला तांडेल वारा फिरला तर जाळं ओढून परत येतो, नुकसान त्याचं असतं आणि निर्णयही त्याचाच. चार्टर बोटीवर निर्णय त्याचा असतो, पण बोटीवर बसलेल्यांनी त्या निर्णयाचे पैसे आगाऊ मोजलेले असतात. ‘अजून थोडं पुढे जाऊ या ना’ हे वाक्य प्रत्येक फेरीत निघतंच. शेजारच्या बोटीने काल बाहेर जाऊन मासा आणला, हे ग्राहकाने इन्स्टाग्रामवर पाहिलेलं असतं. अशा वेळी आदल्या दिवशी, शांत डोक्याने, जमिनीवर बसून ठरवलेली रेघ तांडेलाच्या बाजूने बोलते. ‘मला जायचंय, पण परवानगी नाही’ असं म्हणता येणं ही दर्यावर लहानसहान सोय नाही. हद्दीला कप्तानावरचा अविश्वास समजणारे इथे उलटं वाचतात.

याचा सर्वांत करुण पुरावा मोंटॉकचा आहे. न्यू यॉर्कच्या लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकाला १ सप्टेंबर १९५१ रोजी, सुट्टीच्या शनिवारी, शहरातून खास मासेमारांसाठी धावणाऱ्या रेल्वेगाडीतून शेकडो हौशी लोक उतरले. ४२ फुटी ‘पेलिकन’वर कप्तान आणि त्याचा साथीदार धरून ६४ माणसं चढली. दुपारपर्यंत वारा फिरला, परतीच्या वाटेवर एक इंजिन बंद पडलं, आणि दीपस्तंभ नजरेच्या टप्प्यात असताना बोट उलटली. ४५ जण मेले, कप्तान एडी कॅरोल त्यांतच होता. तो नवखा नव्हता. त्या काळी १५ टनांखालच्या अशा मोटरबोटींना तपासणीचं बंधन नव्हतं. किती माणसं घ्यायची, कुठवर जायचं, कोणत्या हवेत निघायचं, हे सगळं त्या सकाळी धक्क्यावरच्या गर्दीने आणि एका माणसाच्या अंदाजाने ठरवलं. १९५६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. सहापेक्षा जास्त प्रवासी भाड्याने नेणाऱ्या छोट्या बोटींना तपासणी लागू झाली, आणि तिच्या प्रमाणपत्रावर प्रवासीसंख्येबरोबर फिरण्याचा मार्गही लिहिला जाऊ लागला.

हद्द ही परकी कल्पना आहे, असं म्हणणाऱ्यांना मात्र कोकणातच उत्तर मिळतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा नेम कुठल्याही मत्स्य खात्याच्या आधीचा. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तिचं मुख्य कारण माशांची वीण, पण तो काळ पावसाळी दर्याचाही असतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होड्या बाहेर पडत नाहीत. ही काळाने आणि हवेने आखलेली हद्दच आहे, आणि तिच्याविरुद्ध कुठल्याही तांडेलाने समुद्राच्या स्वातंत्र्याचं भाषण केल्याचं ऐकिवात नाही. आपल्या कायद्यालाही हे माप अनोळखी नाही. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची पाण्याची विभागणी मैलांनी केलेली नसून लाटांच्या उंचीने केलेली आहे: पहिल्या क्षेत्रात दोन मीटरपर्यंत, दुसऱ्यात १.२ मीटर, तिसऱ्यात ०.६ मीटर. खाडीत जे शहाणपण मान्य झालं, ते खाडीबाहेर गळ टाकायला जाणाऱ्या बोटीला लागू करायला काय हरकत आहे? मासेमारीची नोंदणी असली म्हणजे प्रवासी नेता येतात, हा गैरसमज तर धक्क्याधक्क्यावर आहे. नोंदणी मासळी आणण्यासाठी असते, माणसं नेण्याचा परवाना वेगळा.

मासा रेघ बघून पोहत नाही, तो हद्दीबाहेर असतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो खराच राहणार. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. भोवती खोल समुद्र आणि मधेच वीस-पंचवीस मीटरांवर तळ. गळ टाकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ही जागा. अंतर सुमारे ५७ सागरी मैल. दहा नॉट वेगाची बोट तिथे पोहोचायला जवळजवळ सहा तास घेते, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परतणं वेळेच्या हिशेबातच बसत नाही. एक इंजिन गेलं तर परतीला रात्र होते. शिवाय १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र कधीच मागे पडलेला असतो.

म्हणून आंग्रिया बंद करा, असं कुणी म्हटलं तर ते हद्दीचं मंडन होत नाही, आळस होतो. तिथे जायचं असेल तर त्या फेरीसाठी वेगळी हद्द हवी: दोन स्वतंत्र इंजिनं, फुगणारा तराफा, उपग्रहाला संकटाचा इशारा देणारं यंत्र, रात्रीच्या मुक्कामाची तयारी, आणि इंधनाचा तिहेरी हिशेब, म्हणजे जायला एक हिस्सा, यायला एक आणि एक हात न लावता शिल्लक. त्या दर्जाची बोट नसेल त्याने किनाऱ्याजवळच्या खडकांवर पालू आणि तांबोशी धरावी. तेही मासेच आहेत. आणि चार्टरचा धंदा माशांच्या वजनावर चालत नाही, ग्राहक पुन्हा येण्यावर चालतो, हे त्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

एक बाजू मात्र या वादात क्वचितच निघते, ती विम्याची. विम्याच्या करारात बोट कोणत्या पाण्यात फिरेल याची अट असते. १९६३च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे अशी हमी तंतोतंत पाळायची असते, ती मोडली की त्या दिवसापासून विमा कंपनीची जबाबदारी संपू शकते. पाच मैल पुढे गेलेल्या तांडेलाला त्या पाच मैलांत काहीच झालं नाही, तर कुणाला कळतही नाही. काही झालं, तर बोटीच्या कर्जापासून मेलेल्याच्या घरच्यांना द्यायच्या भरपाईपर्यंत सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर येतं. हद्द न पाळण्याचं स्वातंत्र्य मागणाऱ्या मालकांनी आधी आपली पॉलिसी कपाटातून काढून वाचावी.

मग ही रेघ कुणी आखायची? फक्त सागरी मंडळाने आखली तर ती एकाच रंगाची आणि सगळ्या किनाऱ्याला सारखी होईल, ही भीती खरी आहे. देवबागच्या संगमाजवळचा दांडा पावसाळ्यानंतर सरकलेला असतो. तो कुठे सरकला हे तिथल्या तांडेलांना नकाशा छापणाऱ्यांच्या आधी कळतं. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला, नारळी पौर्णिमेनंतर बोटी लोटायच्या आधी, बंदर अधिकारी आणि त्या बंदरातले तांडेल यांनी मिळून मुखाची लाट, आसऱ्याची बंदरं आणि परतीची वेळ कागदावर उतरवावी. आणि तो कागद फक्त कचेरीच्या फायलीत न ठेवता ग्राहकाच्या पावतीच्या मागे छापावा. कुठवर जाणार, कोणत्या लाटेला बोट मुखातून परत फिरवणार, आणि परत फिरवली तर आगाऊ दिलेल्या पैशांतले किती परत मिळणार, हे तिथे असलं की बोटीवरची घासाघीस निम्मी होते. यातल्या परताव्याच्या कलमावर मालक आणि ग्राहक यांचं एकमत होणं सर्वांत अवघड आहे, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.