बरे दिवस हेच कामाचे दिवस

पेढ्यांचा पुडा घेऊन ओपीडीत आलेले ते वडील मला अजून आठवतात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीतला त्यांचा मुलगा दोन महिने घराच्या कोपऱ्यात पडून होता. अभ्यास नाही, जेवण नाही, मित्रांशी बोलणे नाही. मी मनोविकारतज्ज्ञ नव्हे. सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करतो. त्या दिवशी आमचे मनोविकारतज्ज्ञ रजेवर होते. मी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले आणि नैराश्यावरची एक नेहमीची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी मुलगा हसत आला. ‘‘सर, एकदम फ्रेश वाटतंय,’’ म्हणाला. वडिलांनी पेढा पुढे केला, मीही आनंदाने खाल्ला. निघताना आई मात्र दारात घुटमळली. ‘‘बाकी सगळं छान आहे हो, पण हा झोपतच नाही. दोन तासही नाही.’’ मी म्हणालो, ‘‘तरुण मुलगा आहे, परीक्षा जवळ आली आहे. होतं असं.’’

आठ दिवसांनी मध्यरात्री त्याला चौघांनी धरून अपघात विभागात आणले. वडिलांच्या मोबाइलवरून त्याने हजारो रुपयांची खरेदी केली होती. आपण नवे विद्यापीठ काढणार आहोत, असे तो गल्लीत ओरडून सांगत होता आणि अडवणाऱ्या काकांवर धावून गेला होता. त्याचा आजार नुसते नैराश्य नव्हते. तो बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार होता. हा आजार असताना नैराश्यावरची गोळी एकटीच दिली, तर काही रुग्णांचे मन थेट दुसऱ्या टोकाला जाते. पूर्वी कधी असा उत्साहाचा झटका आला होता का, घरात कुणाला असा आजार आहे का, हे दोन प्रश्न मी आधी विचारायला हवे होते. आणि त्या आईचे ऐकायला हवे होते.

मूड सगळ्यांचेच वरखाली होतात, मग हा आजार कसा, असे पालक विचारतात. फरक तीव्रतेचा, काळाचा आणि मोडणाऱ्या आयुष्याचा आहे. नैराश्याचा टप्पा किमान दोन आठवडे आणि बहुतेकदा महिनोन् महिने चालतो. उन्मादाच्या टप्प्यात आठवडाभर किंवा जास्त काळ झोपेची गरजच वाटत नाही, विचार धावतात, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, आपण काहीही करू शकतो असे वाटते. दोन टप्प्यांच्या मध्ये मूल अनेकदा अगदी पहिल्यासारखे असते. आजाराची सुरुवात बहुतेकदा पंधरा ते पंचवीस या वयात होते. नेमकी दहावी-बारावीची, वसतिगृहाची, पहिल्या नोकरीची वर्षे.

लहान मुलाच्या प्रत्येक हट्टाला मात्र हे नाव देऊ नये. अमेरिकेत १९९४ ते २००३ या काळात मुलांमध्ये या निदानाच्या नोंदी सुमारे चाळीस पटींनी वाढल्या. त्यातली बरीच मुले सतत चिडचिडी होती, पण बायपोलर नव्हती, असे पुढे तज्ज्ञांनाच वाटू लागले आणि २०१३ मध्ये अशा मुलांसाठी वेगळे निदान आणावे लागले. निदान घाईने करू नये आणि टाळूही नये. ते मनोविकारतज्ज्ञाकडूनच, घरच्यांना सविस्तर विचारून व्हायला हवे.

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘‘आमचं काय चुकलं?’’ आणि बोट बहुतेकदा आईकडे वळते. लाड केले, धाक ठेवला नाही, नोकरी केली. हा आजार संस्कारांच्या अभावाने होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तोही नशिबाचा शिक्का नव्हे. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण पाच ते दहा टक्के असते. म्हणजे अशा शंभरांतील नव्वद किंवा त्याहून अधिक मुलांना तो होत नाही.

मला आज सांगायचे आहे ते यापुढचे. आजार पेटतो तेव्हा आपल्याकडचे आईबाप जिवाचे रान करतात. रात्री-बेरात्री गाड्या काढतात, दागिने गहाण टाकतात, देवळे पालथी घालतात. पण मूल बरे झाले, की सगळे घर सुटकेचा श्वास टाकते आणि आजार विसरायचा प्रयत्न करते. गोळ्यांचे पाकीट कपाटाच्या मागे जाते. ‘‘आता कशाला त्या गोळ्या? किडनी खराब होते म्हणे.’’ पुढचा झटका इथेच पेरला जातो. बायपोलरमध्ये पालकांचे खरे काम बऱ्या दिवसांतच असते.

त्यातले पहिले काम औषधाचे. बरे वाटते आहे ते औषध चालू आहे म्हणून, हे मधुमेहाच्या रुग्णाला आपण पटवतो, तसेच इथेही आहे. उन्मादावर लिथियमचा गुण येतो, हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. इतकी दशके उलटली तरी हे औषध आघाडीवर आहे, कारण ते झटके तर रोखतेच, आत्महत्येचा धोकाही कमी करते. मात्र ते लक्ष ठेवून घ्यायचे औषध आहे. रक्तातील पातळी ठरलेल्या अंतराने मोजावी लागते आणि ते रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचे असते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणीही वेळच्या वेळी हवी. ती केली, तर किडनीची भीती बाळगून औषध सोडण्याचे कारण उरत नाही.

एक गोष्ट माझ्या विभागातली. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमची पातळी चढते. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात राबणारा मुलगा, जुलाब-उलट्यांनी गळालेली मुलगी, निर्जळी उपवास करणारा तरुण यांना जपावे लागते. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही पातळी वाढते. हात जोरात थरथरणे, जीभ अडखळणे, चालताना झोक जाणे, उलट्या होणे ही विषबाधेची चिन्हे असू शकतात. पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठावे. आणि मुलीला व्हॅल्प्रोएट हे औषध दिले असेल, तर ते गर्भाला घातक ठरू शकते हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे. संकोचापायी हा विषय टाळू नये. पण गोळी स्वतःहून बंदही करू नये.

दुसरे काम झोपेचे. या आजारात झोप कमी होणे हे अनेकदा पहिले लक्षण असते आणि तेच झटक्याला निमित्तही ठरते. परीक्षेआधीची जागरणे, रात्रपाळी, गणपतीतले सलग जागरण, लग्नघरातली धावपळ यांत या मुलांना सांभाळावे लागते. मुलाला सणापासून तोडायचे नाही, दहा-साडेदहाला घरी आणून झोपवायचे. घरात एक साधी वही ठेवावी. रोज झोप किती तास, मन कसे, गोळी घेतली का, इतकेच लिहावे. सलग दोन-तीन रात्री झोप निम्म्यावर आली आणि तरी थकवा नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

तिसरे काम बोलण्याचे, आणि तेच सगळ्यांत अवघड. मूल आणि आजार वेगळे धरायचे. उन्मादात मुलाने आईला दिलेल्या शिव्या आजाराच्या असतात. पण म्हणून बऱ्या दिवसांत उद्धट बोलला तरी सगळे माफ, असेही नाही. प्रत्येक हसण्याकडे ‘‘पुन्हा सुरू झालं की काय?’’ अशा नजरेने पाहिले, तर मूल हसणेच सोडते. ज्या घरांत सततची टीका, टोमणे आणि कडवटपणा असतो, तिथे आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण जास्त आढळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी विकसित केलेली कुटुंबकेंद्री उपचारपद्धती याच पायावर उभी आहे. घराला आजार समजावून द्यायचा, बोलायला शिकवायचे आणि अडचणी मिळून सोडवायच्या, हे औषधाच्या जोडीने केले जाते.

या बऱ्या दिवसांतच मुलासोबत बसून ठरवून ठेवावे. माझी झोप उडाली, तर मला कुणी सांगितलेले चालेल? आई, ताई की मामा? त्या काळात पैशांचे व्यवहार आणि गाडीची किल्ली कुणाकडे राहील? रुग्णालय कोणते? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आहे. अशा कागदामुळे संकटाच्या रात्री बळजबरी कमी होते.

नैराश्याच्या टप्प्यात मरणाचे विचार येतात. ‘‘जीव द्यावासा वाटतो का रे?’’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारले याचा आधार वाटतो. अशा काळात त्याला एकटे सोडू नये. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशके आणि कुठल्याही घरात गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते. ती मराठीतूनही बोलते, आणि पालक स्वतः फोन करू शकतात.

राहता राहिले लग्न. ‘‘दोनाचे चार हात झाले की सुधारेल,’’ हा सल्ला देणारे नातेवाईक झटक्याच्या रात्री घरी नसतात. आजार असलेल्या माणसाने लग्न करू नये असे मुळीच नाही. अनेकांचे संसार उत्तम चालले आहेत. पण आजार लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या सुटतात.

हे सारे पालकांवर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात बायपोलरच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. अत्यावश्यक यादीतील मनोविकारांची औषधे सरकारी रुग्णालयांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत, असे २०१७ चा कायदा सांगतो, आणि लिथियम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही ‘‘या महिन्यात साठा नाही’’ हे वाक्य खिडकीवर ऐकून परत जाणारे पालक मी पाहिले आहेत. लिथियमच्या तपासणीसाठी त्यांना एसटीचे भाडे खर्चून मोठ्या शहरात जावे लागते. एका वारीला रोज बुडतो, म्हणून पुढची वारी टळते. तालुक्याला गोळ्यांचा अखंड साठा, जिल्ह्याला लिथियमची तपासणी आणि महिन्यातून एकदा पालकांना एकत्र बसवून बोलणारा समुपदेशक, एवढे तरी प्रत्येक जिल्ह्यात हवे. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

तो मुलगा आता नोकरी करतो. मधल्या काळात एकदा गोळ्या सोडल्या आणि एकदा दाखल व्हावे लागले. पण दुसऱ्या वेळी आईने वही दाखवली, तिसऱ्याच रात्री ती त्याला घेऊन आली होती, आणि चौघांना धरावे लागले नाही. हल्ली कुणी पालक ‘‘एकदम फ्रेश आहे आता’’ असे सांगत आले, की मी आधी विचारतो, ‘‘रात्री झोपतो किती?’’ आणि उत्तर आईकडून घेतो.