लॅपटॉप घेताना ट्रॅक्टरचा हिशोब लावा

जुना लॅपटॉप रडायला लागला की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा घेऊ?" माझं मत असं, की कंपनी सगळ्यात शेवटी विचारा. आधी काम सांगा. आठ एकराला कुणी ६० एचपीचा ट्रॅक्टर घेत नाही, मग जमाखर्च लिहायला आय७ कशाला पायजे?

आपलं काम काय? फवारणीच्या नोंदी, मजुरी-खताचा हिशोब, माती परीक्षणाचे अहवाल, सातबारा, पीक विम्याचे कागद, पोरांचा अभ्यास. त्याला साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी भरपूर झाली. कृषी सल्लागार मंडळी ड्रोनचे फोटो किंवा नकाशे हाताळत असतील तर १६ जीबी घ्या.

जुना टाकायच्या आधी एक बघा. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर मशीन हळू चालायचं कारण बहुतेक तीच असते. एसएसडी बसवली, रॅम वाढवली की नव्या लॅपटॉपपेक्षा बऱ्याच कमी पैशात काम भागतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट नाहीत म्हटल्यावर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा मशीनवर लिनक्स मिंट फुकट टाकता येतं, हिशोबाला लिबर ऑफिस चालतं.

खरी गोम सेकंडहँडमध्ये आहे. शहरातल्या ऑफिसांनी काढलेला माल तालुक्याच्या दुकानात येतो. झकास पुसलेला असतो, वर "विंडोज ११ टाकून दिलंय" म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० लागतं. त्याच्या आतल्या मशीनवर ते जबरदस्तीने बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर आणि मुदत बघतो ना? तसाच प्रोसेसरचा नंबर बघा. आय५ ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. नुसतं "आय५ आहे" म्हणजे "बियाणं चांगलं आहे" म्हटल्यासारखं.

नवा घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा. रॅम पुढे वाढवता येते, का बोर्डालाच चिकटवलेली आहे? स्क्रीन चकाकणारी नाही ना? ओसरीवरच्या उजेडात तोंड दिसतं, आकडे दिसत नाहीत. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का? आणि लाईट गेल्यावर बॅटरी खरोखर किती तास चालते? उत्तरं बिलावर किंवा कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणायचं, तोंडी नको.

शेवटचं. लॅपटॉप परत विकत मिळतो, पाच वर्षांच्या फवारणीच्या नोंदी मिळत नाहीत. निर्यातीच्या मालाला त्याच नोंदी मागतात. म्हणून दर महिन्याला वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी काढा. आणि जुना मशीन बदलीत देताना आतली डिस्क काढून घ्या, तिच्यात तुमचं आधार, पासबुक, सगळं असतं.

घाई करू नका. बैल घेताना दात बघतो, इथं नंबर बघा.