आधी तिला कळू दे



२०२५ च्या सप्टेंबरात टोकियोला अॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धा होत्या, तेव्हाची गोष्ट. सूर्यास्ताआधीच्या जेवणाची घाई, मी पोळ्या लाटतेय, सासूबाई बाहेर टीव्हीसमोर. तिथूनच त्यांनी विचारलं, "अगं, बाई आहे की नाही हे आता गालातून कापूस फिरवून ठरवणार म्हणे?"

ठरवणार होतेच. १ सप्टेंबरपासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचा नियम लागू झाला, की महिलांच्या गटात उतरणाऱ्या प्रत्येकीने आयुष्यात एकदा जनुक तपासणी करायची. गर्भात पुरुषाचं शरीर घडायला सुरुवात करून देणारं एसआरवाय नावाचं जनुक आहे का, एवढंच त्यात बघतात.

"आपल्याला काय त्याचं? आपल्यात कोण धावतंय!" सासूबाई म्हणाल्या.

मला मात्र लगेच आपल्या नाशिकचीच एक मुलगी आठवली. नाव मी लिहिणार नाही. २०१८ मध्ये तिने नाशिक ग्रामीण पोलीस भरतीला अर्ज केला. पोलीस भरतीत मुलींना धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो, आणि त्याचे निकष मुलांपेक्षा वेगळे असतात. म्हणजे प्रश्न खेळातलाच: या वेगळ्या निकषांना पात्र कोण? ती परीक्षेत पास झाली. मग वैद्यकीय तपासणीत दिसलं, की तिला गर्भाशय नाही. पुढे गुणसूत्रांची तपासणी झाली, आणि अहवालात आलं की ती 'पुरुष'. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, शाळेचे दाखले मुलीचे, सगळी कागदपत्रं मुलीची. नोकरी गेली ती गेलीच, पण आपण कोण, हे तिला भरतीच्या कागदावरून कळलं.

ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्यासमोर सरकारने तिला पोलीस खात्यातच, पण शिपाई नसलेलं पद देण्याची तयारी दाखवली. यात तिचा काही दोष नाही, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. अर्ज केल्यापासून चार वर्षं गेली होती.

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, मग नियमच नकोत का? असं मी म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. मुलांसोबतच धावायचं असतं, तर कितीही घाम गाळून ती त्या पायरीवर उभी राहिली असती का? वयात येताना मुलांच्या शरीरात जे संप्रेरक वाढतं, त्याने धावण्यात साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक पडतो. महिलांचा गट वेगळा आहे तो यासाठीच. त्याला कुंपण हवं, आणि कुंपण म्हटलं की कुठेतरी रेघ आली.

पण शरीर रेघ बघून घडत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तीन हजारांहून अधिक महिला खेळाडूंची तपासणी केली. आठ जणींचा अहवाल वेगळा आला. बाईच्या वेशातला पुरुष त्यात एकही नव्हता, आणि आठही जणींना खेळू दिलं. काहींची गुणसूत्रं पुरुषाची असतात, पण शरीर त्या संप्रेरकाला दादच देत नाही. ते असून नसल्यासारखं. मग फायदा कुठला?

तामिळनाडूच्या शांती सौंदराजनचं काय झालं पाहा. २००६ ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य. तपासणी झाली ती शर्यतीनंतर. पदक काढून घेतलं, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभरच्या टीव्हीवर. पुढे तिने वीटभट्टीवरही मजुरी केली. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं, तेव्हा ती १८ वर्षांची होती. ती क्रीडा लवादापर्यंत लढली. २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला, कारण त्यामागे पुरेसा पुरावा नव्हता. दोघींनीही कुणाला फसवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तपासायचं तर मैदानात पाऊल टाकायच्या आधी तपासा, पदक गळ्यात पडल्यावर नको. सगळ्यांचं तपासा. हिचे दंड जाड, हिचा आवाज घोगरा, असल्या संशयावरून एकीलाच बाजूला काढू नका. अहवाल तिच्या हातात द्या, समजावून सांगणारी डॉक्टर शेजारी बसवा. त्यानंतर ती पात्र की अपात्र ते ठरवा.

बाईच्या देहाची पात्रता ठरवणं आपल्याला नवं नाही म्हणा. स्त्रीदेहाने मोक्ष मिळतो की नाही, यावर आपल्या दोन्ही संप्रदायांनी शतकानुशतकं वाद घातला. त्यात बाईला कुणी विचारलं होतं का, ते राहू दे. पण त्याच शास्त्रात द्रव्यवेद वेगळा आणि भाववेद वेगळा सांगितलाय. देहाची ठेवण एक, आतला भाव एक, बहुधा जुळतात, क्वचित जुळत नाहीत. पाठशाळेत हे पाठ करताना मी कधी खऱ्या माणसाचा विचार केला नव्हता.

आणि मैत्रिणींनो, संघटनांना नावं ठेवताना मला आपली घरं आठवतात. भरतीत ज्या गोष्टी उघड होतात, त्या आपण घरात झाकतो. नात्यातली एक मुलगी सतराची झाली, अजून पाळी नाही. तिच्या आईला विचारूनच हे लिहितेय, नातं मात्र सांगणार नाही. दोन वर्षं सगळ्या म्हणत होत्या, होईल, कुणाकुणाला उशिरा होते. एक आजी तर म्हणाली, लग्न झालं की येईल! पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. कधी कारण साधं निघतं, वजन कमी, नाहीतर थायरॉइड. कधी गर्भाशय नसतं, कधी गुणसूत्रांचा प्रश्न असतो, आणि त्यातल्या काहींना पोटातल्या ग्रंथींवर लक्ष ठेवावं लागतं. लपवून तो धोका जात नाही.

"स्थळं यायची आहेत गं, बाहेर कळलं तर?" असं तिची आई मला मंदिराच्या पायऱ्यांवर कुजबुजली. मी म्हटलं, बाहेरचं नंतर बघू. मुलीला काय सांगितलंयस? काहीच नाही. ती पोर शाळेच्या संघात खेळते, मैत्रिणींकडून पॅड मागून आणते आणि कपाटात ठेवून देते, म्हणजे कुणाला संशय नको.

ते ऐकल्यावर मी गप्पच बसले थोडा वेळ.

येत्या गुरुवारी आम्ही तिघी डॉक्टरबाईंकडे चाललोय. आईची एकच अट आहे, दवाखाना ओळखीतला नको. मुलीचीही एक आहे: डॉक्टर जे सांगतील ते आधी मला सांगू देत, मग आईला.