इन्फ्लॅमेबल की फ्लॅमेबल?



आज इंग्रजीतल्या एका विशेषणाशी थोडं भांडायचं आहे. शब्द आहे 'इन्फ्लॅमेबल'.

मी सॉफ्टवेअरवाला. मध्यंतरी अल क्वोजच्या इंडस्ट्रियल एरियात एका गोदामात स्टॉकची सिस्टिम बसवत होतो. प्रत्येक मालापुढे 'पेटणारा: हो / नाही' असा रकाना होता. यादी तपासताना पाहतो तर थिनरच्या ड्रमांपुढे चक्क 'नाही'! त्यामुळे सिस्टिमने त्यांना जागा दिली होती ती फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्या कोपऱ्याला लागून. यादी भरणारे स्टोअरकीपर आपल्या खेडचे. म्हणाले, "साहेब, ड्रमवर इन्फ्लॅमेबल लिहिलंय ना? इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, मग हे न पेटणारं."

हसू आलं, पण क्षणभरच. कारण त्यांचं लॉजिक बरोबर होतं, शब्दच दगाबाज आहे. इथला 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमध्ये पेट घेणे, भडकणे अशा अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यातला तो 'आत'वाला 'इन' आहे. सांधा सुजला की डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, ते त्याच घरातलं. म्हणजे फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल दोन्हींचा अर्थ एकच, आणि उलट हवं तर 'नॉन-फ्लॅमेबल'.

हा घोळ जुना आहे. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच 'फ्लॅमेबल' वापरा असा आग्रह धरला. आज रसायनांच्या आंतरराष्ट्रीय लेबल पद्धतीतही 'फ्लॅमेबल लिक्विड' असंच लिहितात. आपल्याकडचे टँकर मात्र अजून 'हायली इन्फ्लॅमेबल' मिरवत फिरतात.

काही मित्र म्हणतात, शब्द शुद्ध आहे, लोकांनी इंग्रजी सुधारावं. मला हे पटत नाही. कादंबरीत खुशाल वापरा, पण लेबल ही काही इंग्रजीची परीक्षा नव्हे. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश सेल्सियस, म्हणजे दुबईच्या हिवाळ्यातसुद्धा त्याची वाफ पेटायला तयारच. 2008 च्या मार्चमध्ये अल क्वोजमध्येच फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाला होता. त्याचा या शब्दाशी संबंध नाही, पण एकाला एक लागून असलेल्या या शेड्समध्ये आग म्हणजे काय, ते तेव्हा दिसलं.

आपल्या मराठीत बघा, 'ज्वालाग्राही'. ज्वाला पकडणारा! दहावी नापासालाही शंका येणार नाही.

आम्ही त्या गोदामात 'फ्लॅमेबल', ज्वाळेचं चित्र आणि हिंदी, उर्दू, मल्याळममध्ये एकेक ओळ अशी लेबलं लावली. ड्रम त्याच दिवशी हलवले. काकांना मी चूक म्हटलं नाही, कारण रकान्याला सोबत खुलासा न देणारा मीच होतो.

तुमच्या साइटवर, स्टोअरमध्ये हा शब्द दिसला तर एवढं जरूर करा: तिथे काम करणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ विचारा. उत्तर ऐकून लेबल बदलावंसं वाटेल.

चूभूद्याघ्या.